हिवाळ्याची बेगमी : घरमालकाची आणि भाडेकऱ्याची



रोहिणी लागल्या की आपल्याकडे घरोघर एकच गडबड सुरू होते. कौले उतरवून पुन्हा बसवायची, फुटकी बदलायची, वासा कुजला असेल तर नवा घालायचा, गवती छप्पर असेल तर शाकारून घ्यायचे, सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या, पावसाची झड लागते त्या भिंतीला झाप बांधायचे. मृगाची पहिली सर येण्याआधी हे सारे उरकलेच पाहिजे. हे काम कोणी करायचे, असे कोणी कोणाला विचारीत नाही. घर ज्याचे, तो करतो.

पण घर एकाचे आणि राहणारा दुसरा, असे असले म्हणजे? बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत दिवस काढलेल्या गुरुजींना हा प्रश्न नवा नाही. माझे वडील शाळामास्तर होते. एका गावी आम्ही राहत होतो त्या खोलीचे कौल पहिल्याच पावसात गळू लागले. आईने पातेली, घमेली, अगदी आंघोळीचा तांब्यादेखील धारेखाली ठेवला. सकाळी वडील मालकाकडे गेले. मालक म्हणाले, "मास्तर, राहता तुम्ही, तर दोन कौले फिरवून घ्या की!" वडील म्हणाले, "घर तुमचे, भाडे घेता तुम्ही." दोघेही सरळ माणसे, भांडण काही झाले नाही. कौले मात्र दिवाळीनंतर फिरली, आणि तो पावसाळा आम्ही अंथरुणे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढीत काढला.

हाच वाद, पावसाऐवजी थंडीवरून, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात शंभराहून अधिक वर्षे चालला. त्यात लोक गारठले, कोर्टकचेऱ्या झाल्या, भाडे न देण्याचे संप झाले, आणि सरतेशेवटी घरमालकाने भाडेकऱ्याला किती ऊब द्यायची हे कायद्याने अंशांत लिहून ठेवले. ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. तिच्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अग्नी कोणाच्या हाती आहे, यावर सारा न्याय फिरत गेला.

आधी तिकडच्या थंडीची कल्पना यायला हवी. आपल्याकडे नाशिक-निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली जाणे ही नित्याची गोष्ट. पाणी गोठते, वाट बर्फाने बुजते. तेथे भिंत आणि छप्पर म्हणजे अर्धेच घर. उरलेले अर्धे घर म्हणजे ऊब.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून जहाजे भरभरून माणसे या शहरात उतरू लागली. जर्मन आले, आयरिश आले, मग इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू आले. त्यांच्यासाठी चार-पाच मजली भाड्याच्या इमारती उठल्या. त्यांना तिकडे टेनेमेंट म्हणतात. आपण चाळी म्हणू. ऑर्चर्ड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर ९७ क्रमांकाची अशी एक इमारत अजून उभी आहे. ती १८६३ साली बांधली गेली, १९३५ साली मालकाने तिचे वरचे मजले रिकामे केले, आणि पुढे तिथे संग्रहालय झाले. मधल्या बहात्तर वर्षांत सुमारे ७,००० माणसे तिच्यात राहून गेली असे सांगतात. एकेका बिऱ्हाडाला तीन खोल्या. तिन्हींचे क्षेत्रफळ मिळून सुमारे सव्वातीनशे चौरस फूट. बाहेरचा उजेड थेट यायचा तो एकाच खोलीत. मधल्या खोलीत कोळशाची चूल. स्वयंपाक तिच्यावर, कपड्यांना इस्त्री तिच्यावर, आणि घराला ऊब म्हणाल तर तीही तिचीच.

या चुलीचा कोळसा आणायचा कोणी? अर्थात भाडेकऱ्याने. मालकाने चार भिंती दिल्या, धुराडे दिले, त्याचे काम संपले. कोळसा पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतून येई. ऐपतदार माणूस तो टनाने घेऊन तळघरात साठवी. गरिबाजवळ ना एवढे रोख पैसे, ना साठवायला जागा. तो बादली-बादलीने घेई आणि साहजिकच वजनामागे जास्त पैसे मोजी. आपल्याकडे हातावर पोट असलेला माणूस पावशेर तेल घेतो आणि डबा घेणाऱ्यापेक्षा महाग घेतो, तोच हा प्रकार. मुले रेल्वेच्या रुळांच्या कडेने सांडलेले कोळसे वेचीत. १९०२ साली मे ते ऑक्टोबर खाणकामगारांचा मोठा संप झाला आणि कोळशाचे भाव कडाडले. हिवाळा तोंडावर आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले. त्या साऱ्या काळात न्यूयॉर्कच्या चाळीतल्या बाईने घरमालकाला दोष दिला नसेल. चूल तिची होती. विझली तरी तिचीच.

सरकारने तोपर्यंत घरमालकांना काहीच सांगितले नव्हते असे नाही. १८६७, १८७९ आणि १९०१ साली चाळींचे कायदे झाले. आगीतून सुटायला बाहेरून लोखंडी जिना हवा, शौचकूप हवेत, खोलीला खिडकी हवी. उजेड, वारा, पाणी यांचा विचार झाला. उबेचा झाला नाही.

मग घराघरांत वाफ आली. लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली नावाच्या माणसाने १८७७ साली एका ठिकाणी वाफ तयार करून जमिनीखालच्या नळांनी अनेक घरांना पुरवली. १८८२ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांखालीही वाफेचे नळ धावू लागले. ते आजही धावतात, आणि थंडीत रस्त्याच्या झाकणांतून निघणारी वाफ सिनेमातून तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. नव्या भाड्याच्या इमारतींत मालकांनी तळघरात स्वतःचाच बॉयलर बसवायला सुरुवात केली. मजल्यामजल्यावर नळ गेले आणि खोलीखोलीत खिडकीखाली ओतीव लोखंडाच्या पोकळ फासळ्यांचा एक सांगाडा बसला. त्याला रेडिएटर म्हणतात.

शिक्षकबंधूंनी ही योजना वर्गात जरूर सांगावी, कारण हिच्यात अप्रकट उष्णतेचा धडा जिवंत होतो. शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ थंड लोखंडाला टेकून पाणी होते, तेव्हा ती सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. ती खोलीला मिळते. झालेले पाणी उतारावरून, पुष्कळदा त्याच नळातून, खाली बॉयलरमध्ये परत जाते. वर वाफ, खाली पाणी, नळ एकच. आता हा सांगाडा जर चुकीच्या बाजूला किंचित कलला, तर पाणी आत साचते आणि वर येणारी वाफ त्याच्यावर आपटते. मग रात्रभर असा आवाज होतो की जणू नळात बसून कोणी हातोडा मारतो आहे. उपाय काय, तर रेडिएटरच्या पायाखाली लाकडाची एक चकती सारून कल नीट करणे. हिवाळ्याआधी खोलीखोलीत जाऊन हा कल पाहणे हे चांगल्या घरमालकाचे काम. मालक स्वतः कुठला जातो. इमारतीत राहणारा त्याचा राखणदार जातो. तोच पहाटे उठून तळघरात कोळसा ओढतो. जॅनिटर, पुढे सुपर, या नावाने तो ओळखला जातो. या हकीकतीत तो बिचारा कुठे फारसा दिसत नाही, पण शहराची ऊब त्याच्या फावड्यावर होती.

वाफेमुळे भाडे वाढले. "उबेसह भाडे" असा करार होऊ लागला. बाईची चूल पुसून घेण्याची आणि राख उपसण्याची कटकट गेली, कोळशाच्या बादल्या जिन्याने वर न्याव्या लागत नव्हत्या. भाडेकरू खूश झाले. पण एक गोष्ट गुपचूप बदलली होती. अग्नी आता बिऱ्हाडाच्या मधल्या खोलीतून निघून तळघरात, मालकाच्या कुलुपात गेला होता. आपल्या घरातली थंडी आता आपल्या हातची राहिली नाही, हे भाडेकऱ्याला कळले १९१७ च्या हिवाळ्यात.

अमेरिका त्या वर्षी एप्रिलात पहिल्या महायुद्धात उतरली होती. रेल्वे युद्धसामग्रीने तुंबल्या, कोळशाचे डबे वाटेत अडकले, बंदरातले पाणी गोठून नावा अडकल्या. ३० डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये पारा उणे १३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सियसच्या हिशेबाने उणे २५ वर उतरला. जानेवारीत सरकारी इंधन-प्रशासक हॅरी गारफील्ड यांनी देशाच्या पूर्व भागातले बहुतेक कारखाने पाच दिवस बंद ठेवण्याचा आणि पुढे दर सोमवारी बंद पाळण्याचा हुकूम काढला. 'बिनउबेचे सोमवार' असे लोक त्यांना म्हणत.

भाड्याच्या घरांत बॉयलर थंड पडले. काही मालकांना खरोखरच कोळसा मिळत नव्हता. काहींनी टंचाईचे निमित्त करून कोळशाचे पैसे वाचवले. भाडे मात्र दोघांनीही पुरे मागितले. भाडेकऱ्याने म्हणावे, "अहो, उबेचे पैसे यात आहेत ना?" तर जुना कायदा त्याला मोठे विचित्र उत्तर देई. ऊब मिळत नसेल तर घर सोडून जा, भाडे माफ. पण राहिलात, तर भाडे भरलेच पाहिजे. ज्या काळात शहरात रिकामी खोली मिळत नव्हती त्या काळातला हा न्याय! गारठलेल्या मुलाला उचलून जाणार कुठे? तेव्हा ब्राँक्स आणि हार्लेम या भागांत इमारतीच्या इमारती एक झाल्या, त्यांनी भाडेकरू संघ काढले आणि भाडे रोखून धरले.

१९१८ साली शहराच्या आरोग्य मंडळाने भाड्याच्या घरांना ऊब पुरवणे हा आरोग्याच्या नियमांचा भाग केला. ही पायरी महत्त्वाची. तोपर्यंत ऊब ही करारातली एक बाब होती, म्हणजे दोन माणसांमधला सौदा. आता ती दूषित पाणी आणि साथीचे रोग यांच्या रांगेत येऊन बसली. त्याच वर्षीच्या शरदात इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. हवा खेळती हवी म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, असा डॉक्टरांचा धोशा होता. त्यामुळे त्या काळचे बॉयलर भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही खोली उबदार राहील इतके मोठे बसवले गेले, असे या कामातले जाणकार सांगतात. म्हणूनच की काय, जुन्या इमारतींतले भाडेकरू आजही जानेवारीत उकडते म्हणून खिडकी उघडतात, आणि पलीकडच्या इमारतीत लोक कुडकुडत असतात.

याच १९१८ साली आपल्या मुंबईतही युद्धाच्या महागाईने भाडी भडकली होती आणि त्या वर्षी मुंबई सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. दोन बंदरे, मध्ये दोन महासागर, आणि अडचण एकच. पण मुंबईतल्या भाडेकऱ्याची काळजी दुसरी होती. तिच्याकडे शेवटी येऊ.

१९२० साली न्यूयॉर्क राज्याने भाड्याबाबत तातडीचे कायदे केले. अवाजवी भाडेवाढीविरुद्ध कोर्टात दाद मागता येऊ लागली. त्यांतच एक कलम असे होते की करारात कबूल केलेली ऊब, पाणी, उजेड देण्यात मालकाने, त्याच्या मुखत्याराने किंवा राखणदाराने जाणूनबुजून कसूर केली तर तो गुन्हा. घरमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्कस ब्राउन कंपनी विरुद्ध फेल्डमन या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. या कलमावरचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध सेवा करायला लावणे आपल्या कायद्याच्या परंपरेला धरून नाही, असे म्हणणे पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर : भाडेकऱ्यासाठी आम्ही कोळसा ओढायचा, ही वेठ झाली!

वेठ म्हणजे काय हे आपल्या गावांना सांगायला नको. तेव्हा मालकांचे म्हणणे एकदम हसण्यावारी नेता येत नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी १८ एप्रिल १९२१ रोजी निकाल दिला. परंपरेची गोष्ट त्यांनी मान्य केली; पण ही सेवा अंगमेहनतीची, व्यक्तिगत सेवा नव्हे, आजच्या काळात भाड्याच्या घराबरोबर ती येतेच, असा त्यांचा आशय होता. म्हणजे घर भाड्याने दिले की जिना दिला, दार दिले, तशी ऊबही दिली. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता, तर ही हकीकत निराळी झाली असती.

पुढचा इतिहास आकड्यांचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९२९ चा बहुबिऱ्हाडी इमारतींचा कायदा आला, १९६७ ची शहराची गृहदेखभाल संहिता आली. १९७५ साली राज्याने असा कायदा केला की राहण्याजोगे घर देणे हे प्रत्येक भाडेकरारात गृहीतच आहे. घर सोडून गेलात तरच भाडे माफ, हा जुना विचित्र न्याय अखेर गेला. आजचा नियम असा : १ ऑक्टोबर ते ३१ मे हा उबेचा हंगाम. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर घरात निदान ६८ अंश, म्हणजे २० सेल्सियस, हवेत. रात्री दहा ते सकाळी सहा, बाहेर काही का असेना, घरात निदान ६२, म्हणजे साधारण १७ सेल्सियस हवेत. रात्रीचा हा आकडा २०१७ साली वाढवला. आधी तो ५५ होता आणि तोही बाहेर फार थंडी पडली तरच लागू होई. आंघोळीचे गरम पाणी मात्र बारा महिने.

कायदा लिहिला म्हणून खोली तापत नाही, हे ओघाने आलेच. १९६३ च्या नोव्हेंबरात हार्लेममध्ये जेसी ग्रे या पुढाऱ्याने पुन्हा भाड्याचा संप उभा केला. थंड नळ, फुटक्या खिडक्या आणि उंदीर, या तीन तक्रारी. भाडेकऱ्यांनी पुरावा म्हणून घरातले उंदीरच कोर्टात नेले, आणि भाडे मालकाला न देता कोर्टात भरण्याची परवानगी मिळवली. शेकडो इमारती त्या संपात उतरल्या.

आता घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. तोवर बहुतेक बॉयलर कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते. १९७३-७४ साली जगात तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. पुष्कळ घरांचे भाडे कायद्याने बांधलेले, तेलाचे बिल मात्र मोकाट. इमारती जुन्या, उत्पन्न तुटपुंजे. काही मालकांनी हिशेब केला आणि इमारत सोडूनच दिली. काही लबाडांनी विम्याच्या पैशासाठी आगी लावल्या. दक्षिण ब्राँक्समध्ये गल्लीच्या गल्ली ओस पडल्या.

आणि एक इमारत ओस पडायला एक हिवाळा पुरतो, तो कसा ते पाहा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. बॉयलर बंद पडला की भिंतीतले नळ गोठू लागतात. बर्फाचे बूच वाढत जाते, त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये सापडलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही, दाब चढतो आणि नळ फुटतो. तोही पुष्कळदा बर्फ असतो तिथे नव्हे, दुसरीकडेच. थंडी सरल्यावर, किंवा कोणी घाईने भट्टी पेटवल्यावर, पाणी वरच्या मजल्यावरून भिंतीभिंतीतून उतरते. रात्री पुन्हा गोठते. जिन्यावर बर्फाचा थर चढतो. वरचे बिऱ्हाड जाते, मग खालचे जाते. भाडे येईनासे झाले की मालकाला दुरुस्ती अधिकच नकोशी होते. घरमालकाने हिवाळ्याची बेगमी करायची ती भाडेकऱ्यावर उपकार म्हणून नव्हे. त्याची स्वतःची मालमत्ताही त्याच नळात असते.

ही बेगमी कसली, तर आपल्या शाकारणीसारखीच कष्टाची आणि रोकडी. सप्टेंबरात बॉयलर उघडून साफ करायचा, धुराडे झाडायचे, तेलाची टाकी भरून ठेवायची. अंगणातल्या आणि गच्चीवरच्या नळांचे पाणी काढून टाकायचे. उघड्या नळांना गरम कापडाची बंडी घालावी तसे आवरण गुंडाळायचे. खिडकीच्या काचेभोवतालचे लांबी निघाले असेल तर नवे भरायचे, दारांच्या फटी बुजवायच्या. छपराच्या पन्हळीत झडलेली पाने साचतात, ती काढायची; नाहीतर बर्फ वितळून पाणी भिंतीत मुरते. फावडी आणि मीठ आणून ठेवायचे, कारण इमारतीपुढच्या पायवाटेवरचे बर्फ ठरलेल्या तासांत काढणेही तिथे मालकावर बंधनकारक आहे. आणि एक काम धुरासंबंधी. धुराडे तुंबले तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू घरात पसरतो. त्याला वास नाही, रंग नाही. २००४ पासून न्यूयॉर्कच्या घरांत हा वायू ओळखून आवाज करणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही थंडीत दार-खिडकी लावून खोलीत जळती शेगडी ठेवल्याने झोपेत माणसे गेल्याच्या बातम्या येतात. तो हाच वायू. वर्गात मुलांना हे अवश्य सांगावे.

इतका बंदोबस्त असूनही ऊब कमी पडली, तर माणूस काय करतो? तो विजेची शेगडी आणतो. म्हणजे अग्नी पुन्हा खोलीत येतो, तोही चोरपावलांनी. ९ जानेवारी २०२२ रोजी ब्राँक्समधल्या एका १९ मजली इमारतीत अशा शेगडीत बिघाड होऊन आग लागली. आग फार पसरली नाही. पण त्या बिऱ्हाडाचे आपोआप मिटायला हवे होते ते दार उघडेच राहिले, आणि धूर जिन्याने वर चढला. १७ माणसे गुदमरून मेली; त्यांत ८ मुले होती. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातून आलेली कुटुंबे तिथे पुष्कळ होती. इमारतीत ऊब चालू होती, असे अधिकारी म्हणाले. पुरेशी नव्हती, असे राहणारे म्हणाले. शेगडी मात्र चालू होती, एवढे नक्की.

आता चक्र पुन्हा फिरू पाहते आहे. धूर कमी व्हावा म्हणून शहराने २०१९ साली मोठ्या इमारतींना मर्यादा घालून दिल्या, आणि तळघरातला बॉयलर काढून प्रत्येक बिऱ्हाडात विजेवर चालणारी यंत्रे बसवण्याकडे कल वाढला. यंत्र चांगले, धूर नाही. पण विजेचे बिल कोणाच्या नावावर यायचे? भाडेकऱ्याच्या मीटरवर आले, तर १८६३ ची कोळशाची बादली पुन्हा त्याच्याच हातात. हा वाद तिथे नव्याने सुरू झाला आहे.

तिकडचा उबेचा हंगाम ३१ मे रोजी संपतो. आपल्याकडे तेव्हा रोहिणी लागलेल्या असतात. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. नोटीस देऊनही त्याने केले नाही, तर भाडेकऱ्याने स्वतः करून ठराविक मर्यादेपर्यंत खर्च भाड्यातून कापून घ्यावा, अशी सोय होती. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ती ठेवली आहे. पण गोठलेल्या भाड्यात मालक चाळ दुरुस्त करीना आणि भाडेकऱ्याला ते झेपेना, म्हणून १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळ निघाले आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. हे मंडळ पुढे म्हाडाकडे गेले. दर वर्षी पावसाळ्याआधी त्याचे लोक या जुन्या इमारती पाहतात आणि अतिधोकादायक ठरलेल्यांची यादी जाहीर करतात. त्या इमारतींतल्या कुटुंबांना तात्पुरत्या संक्रमण शिबिरात जायला सांगतात. पुष्कळ जण जात नाहीत. एकदा खोली सोडली तर परत मिळेल का, ही त्यांची धास्ती असते. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पावसात कोसळली, तेव्हा ३३ माणसे गेली. ती इमारत धोकादायक आहे, हे आधीच कागदावर लिहिलेले होते.